डिमेन्शियाचा मजला नेमका कुठे ठेवावा? (शहरातल्या ज्येष्ठ-निवासाच्या आराखड्याबद्दल)

ओळंबा

नमस्कार मंडळी,

मी वास्तुरचनाकार आहे. सध्या एका मोठ्या शहरात, तीन बाजूंना उंच इमारती आणि चौथ्या बाजूला वाहता रस्ता अशा चिंचोळ्या जागेवर पाच मजली ज्येष्ठ-निवासाचा आराखडा करतोय. चाळीसेक माणसं राहतील. त्यातल्या निम्म्यांना तरी डिमेन्शिया (स्मृती आणि समज हळूहळू ढासळत जाणं) असेल किंवा पुढे होईल, असं धरून चाललोय.

संस्थेच्या मंडळींनी एक गोष्ट आधीच ठरवून टाकलीय. डिमेन्शियावाले सगळ्यात वरच्या मजल्यावर, आणि तिथल्या लिफ्टला आकडे दाबून उघडायचं कुलूप. कारणं दोन. एक, कोणी चुकून रस्त्यावर जाणार नाही. दोन, "खाली येणाऱ्या पाहुण्यांनाही बरं दिसतं". दुसरं कारण ऐकून माझं डोकं फिरलं, पण पहिल्याला चटकन उत्तर सुचलं नाही, हेही खरं.

शिवाय "घरासारखं वाटलं पाहिजे" अशी मागणी आहे. नमुना म्हणून जे फोटो पाठवलेत ते हॉटेलच्या लॉबीचे आहेत. चकाकणारी फरशी, लपवलेले दिवे, सेन्सरचे नळ, भिंतभर आरसा.

घरात सांभाळलेल्यांचे, अशा ठिकाणी काम केलेल्यांचे अनुभव हवे आहेत. मजला कुठला, आणि घरासारखं म्हणजे नेमकं काय करायचं?

कोपऱ्यातली_खुर्ची

वाचतेय. रुमाल टाकून ठेवते, रात्री सविस्तर लिहीन.

फुकटचा_सल्लागार

वरच्या मजल्याचा आग्रहच असेल तर संचालक मंडळाची बैठकही तिथेच ठेवा आणि परत जाताना लिफ्टचे आकडे त्यांनाच आठवू द्या. दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या.

लाल_बंब

अग्निशमन दलात नोकरी केली, आता निवृत्त आहे. सौंदर्यातलं मला काही कळत नाही, पण वरचा मजला नको म्हणजे नकोच.

आग लागली की लिफ्ट वापरायची नसते. राहिला जिना. गोंधळलेल्या, घाबरलेल्या माणसाला धुरात चार जिने उतरवणं काय असतं ते कागदावर कळत नाही. तो कठडा घट्ट धरून बसतो, आणि त्याची बोटं सोडवण्यातच वेळ जातो. म्हणून अशा इमारतीत माणसांना आधी खाली नाही, बाजूला नेतात. एकाच मजल्याचे आगरोधक भिंतीने आणि दाराने दोन भाग करायचे. एका भागात आग लागली की सगळ्यांना दुसऱ्या भागात सरकवायचं, तेवढ्यात बंब पोचतो. चिंचोळ्या जागेत हे बसवणं अवघड आहे, पण त्याची सुरुवात आराखड्यातच व्हावी लागते. इमारत उभी राहिल्यावर नाही.

दुसरं म्हणजे कुलूप. अलार्म वाजला किंवा वीज गेली की आपोआप सुटेल असंच हवं.

नातसून

आमच्या आजेसासूबाईंना होता. इमारतीच्या लिफ्टची दारं चकचकीत स्टीलची होती. त्या समोर उभ्या राहायच्या, आपल्याच प्रतिबिंबाला हसून मान डोलवायच्या आणि "तुम्ही आधी व्हा पुढे" म्हणून बाजूला सरायच्या. समोरची बाईही बाजूला सरायची. मग ह्या परत "नाही नाही, तुम्ही". तेवढ्यात दार उघडून बंदसुद्धा होऊन जायचं. आम्ही शेवटी दारावर मॅट कागद चिकटवला तेव्हा कुठे त्या आत शिरायला लागल्या.

त्यामुळे तो भिंतभर आरसा पहिला काढा. आमच्याकडे हे सभ्यपणाने चाललं, पण रात्री बाथरूममध्ये "कोणीतरी आहे" म्हणून ओरडणारी माणसंही असतात.

रातपाळी

मी परिचारिका. डिमेन्शियाच्या विभागात बरीच वर्षं रात्रपाळी केली आहे, त्यामुळे नावाप्रमाणे मी लिहिणार ते रात्रीचंच.

ओळंबा, तुमच्या यादीतल्या चारही गोष्टी एकेक करून घेते.

चकाकणारी फरशी. तिच्यावर खिडकीचा उजेड पडला की ती ओली दिसते. माणूस थबकतो, पाय उचलून टाकतो, तोल जातो. दाराशी काळी पायपुसणी असेल तर ती खड्डा वाटते आणि तिच्यावरून उडी मारायचा प्रयत्न होतो. ठिपक्यांची फरशी असली की वेचायला वाकणारे असतातच. एका रंगाची, बिनचकाकीची, आणि खोलीतून बाहेर पडताना रंग न बदलणारी फरशी घाला. फरशी आणि भिंत मात्र एकमेकींपासून वेगळ्या कळल्या पाहिजेत.

लपवलेले दिवे. म्हातारपणी डोळ्यातलं भिंग पिवळं पडतं, बाहुली लहान राहते. साठीतल्या माणसाच्या डोळ्यात पोचणारा उजेड विशीतल्याच्या साधारण एक तृतीयांश. हॉटेलातला मंद उजेड म्हणजे ह्या मंडळींना अंधारच. २००८ साली नेदरलँड्समध्ये १२ निवासांत मिळून अभ्यास झाला होता. दिवसभर साधारण १००० लक्सचा (लक्स हे उजेड मोजायचं एकक) उजेड ठेवला तिथे बुद्धीची घसरण थोडी हळू झाली, उदासपणाही कमी दिसला. फार मोठा फरक नव्हे. पण दिव्याला औषधांसारखे दुष्परिणाम नसतात. संध्याकाळी मात्र सावल्या लांबायच्या आधी पडदे ओढा आणि दिवे लावा. कासावीस होण्याची, "मला घरी जायचंय" म्हणण्याची वेळ बहुतेक तीच असते.

सेन्सरचा नळ. फिरवायला काही नाही म्हणजे तो नळ नाही. हात धुवायचे राहतात.

आरशाचं नातसून यांनी सांगितलंच.

आता यादीत नसलेलं आणि सगळ्यात महत्त्वाचं. संडास. पलंगावर आडवं असताना कमोड दिसला पाहिजे. रात्री उठलेल्या माणसाला "कुठे आहे" आठवायला लागू नये, समोर दिसावा. पांढरी फरशी, पांढरी भिंत, पांढरा कमोड, पांढरी सीट असलं करू नका. सीट गडद रंगाची घ्या. दोन रंगांच्या उजेड परतवण्याच्या प्रमाणात शंभरपैकी निदान ३० गुणांचा फरक असावा, असा आराखड्याचा एक संकेत आहे, तो तुम्हाला माहीत असेलच. किती लोकांना "आता ताबा सुटला" म्हणून डायपर लावलेले असतात, आणि प्रत्यक्षात त्यांना फक्त जागा सापडत नसते. डायपर लागला की माणूस गप्प होतो, हे मी बघितलेलं आहे.

फुकटचा_सल्लागार

रातपाळी ताई, हा प्रतिसाद छापून साइटवर लावायला हवा. संडासाच्या दारावरच.

हिशेबनीस

मी असं एक निवास चालवतो. सगळं पटतं, पण कोणी खर्चाचं बोलत नाही म्हणून बोलतो.

घरासारखं म्हणजे लहान गट, लहान स्वयंपाकघर, ओळखीची माणसं. चाळीसजणांचे चार गट केलेत की रात्री चार ठिकाणी माणूस जागा हवा. एकाच मोठ्या मजल्यावर दोघांत भागतं. पगार हाच आमचा सर्वात मोठा खर्च असतो. वरचा मजला मागणारे संचालक दुष्ट नसतात हो, त्यांना तिथे माणसं कमी लागतील असं वाटतं.

सांजवेळ

हिशेबनीस, तुमचा मुद्दा रास्त आहे, पण लहान गट ही काही श्रीमंती चैन नाही. जपानमध्ये डिमेन्शियाच्या गटनिवासात एका गटात ५ ते ९ माणसं असतात आणि २००० साली सुरू झालेल्या त्यांच्या दीर्घकालीन काळजी विम्यात ते धरलेलं आहे. अमेरिकेत बिल थॉमस या डॉक्टरांच्या कल्पनेतून ग्रीन हाउस नावाची लहान ज्येष्ठ-निवासं निघाली. पहिली घरं २००३ मध्ये मिसिसिपीतल्या टुपेलो गावात झाली. एका घरात १० ते १२ जण, प्रत्येकाला स्वतंत्र खोली, मध्ये उघडं स्वयंपाकघर आणि एक लांब टेबल. तिथे स्वयंपाक, कपडे, आंघोळ हे सगळं तीच माणसं बघतात. प्रत्येक कामाला वेगळा माणूस नाही. हिशेब बसतो तो इथे.

आणि ओळंबा, तुमच्यासाठी खास: ही कल्पना बैठ्या घरांचीच आहे असं समजू नका. बोस्टनला लागून असलेल्या चेल्सी शहरात २०१० मध्ये एक बहुमजली इमारत उभी राहिली. एकावर एक रचलेली १० घरं, प्रत्येकात १० जण. लिफ्टमधून बाहेर पडलं की समोर घराचं दार आणि दाराला घंटा.

हिशेबनीस

दाराला घंटा! हे आवडलं. आमच्याकडे संचालकसुद्धा न सांगता आत येतात.

कोपऱ्यातली_खुर्ची

आले एकदाची.

माझे वडील असल्या एका ठिकाणी होते. दिसायला सुंदर. जुन्या पद्धतीचं कपाट, जुना रेडिओ, भिंतीवर जुन्या शहराची चित्रं. आणि रेडिओ लागत नव्हता. कपाट उघडत नव्हतं, आतून खिळे मारले होते, कारण कोणी काही काढलं तर पसारा होईल. बाबा दर भेटीत त्या कपाटाची मूठ ओढून बघायचे आणि माझ्याकडे वळून म्हणायचे, "किल्ली तुझ्याकडे आहे ना?"

घरासारखं म्हणजे जुन्या वस्तू नव्हेत. घरात कपाट उघडतं. पाणी प्यायला कोणाला विचारावं लागत नाही. खिडकी लोटता येते, निदान वीतभर. टॉवेल घडी करून ठेवले तर कोणी "राहू द्या आजोबा, आम्ही करतो" म्हणत नाही. तिथे बाबांना दिवसभर काहीच करू दिलं जात नव्हतं, आणि मग फाइलमध्ये लिहीत होते "सतत येरझाऱ्या घालतात".

रातपाळी

+१. येरझारा हा आजार नसतो, बहुतेक वेळा रिकामपण असतं. किंवा दुखत असतं. किंवा लघवीला जायचं असतं आणि सांगता येत नसतं.

उंटावरचा_शहाणा

येरझाऱ्यांवरून आठवलं. गोल फिरून परत त्याच जागी येणारी वाट करतात म्हणे, म्हणजे माणूस अडत नाही. तसं करा की. आणि बागेत खोटा बसथांबा उभा करा. जर्मनीत ड्युसेलडॉर्फमध्ये आहे असं वाचलंय. बस येत नाही, माणूस बसून राहतो, थोड्या वेळाने कुठे जायचं होतं ते विसरतो. समस्या मिटली.

नातसून

मिटली कोणाची? आजेसासूबाईंना बस आली नाही तर त्या चालत निघाल्या असत्या.

खरं सांगू, मला हे फसवणं वाटतं. ज्या माणसाने आयुष्यभर वेळेवर बस पकडली त्याला न येणाऱ्या बसची वाट बघायला बसवायचं?

रातपाळी

नातसून, मी तुमच्या बाजूची आहे, पण अर्धीच. रात्री दोन वाजता "मुलांना शाळेतून आणायचंय" म्हणून दाराशी उभ्या असलेल्या बाईला "तुमची मुलं साठ वर्षांची आहेत" हे खरं सांगण्यात काय पुण्य आहे? तिला तो धक्का रोज नव्याने बसतो. मी विचारते, मुलं कशी आहेत, धाकटा जेवतो का नीट. बोलत बोलत आम्ही खुर्चीपर्यंत येतो. ह्यात मी खोटं काही बोलले नाही. बसथांब्यावर कोणी सोबत बसत असेल तर तो बाक म्हणून चांगला आहे. माणसाऐवजी थांबा ठेवला असेल तर वाईट.

सांजवेळ

गोल वाटेबद्दल. ही समजूत बरीच वर्षं चालत आली, पण जर्मनीतल्या वृद्धनिवासांचा गेसिने मार्क्वार्ट या वास्तुरचनाकार बाईंनी अभ्यास केला तेव्हा उलटं निघालं. सरळ, आखूड आणि मधे वळण नसलेल्या मार्गिकेत रहिवाशांना जागा जास्त सापडत होत्या. गोल वाटेवर माणूस अडत नाही हे खरं, पण पोचतही नाही. प्रत्येक दार आधीच्यासारखंच.

डब्लिनमधलं नाएल मॅक्लॉक्लिन या वास्तुरचनाकारांचं अल्झायमर (डिमेन्शियाचाच एक प्रकार) केंद्रही बघा. जुन्या बागेच्या भिंतींमध्ये, फिरता फिरता परत येता येईल असं, उजेडाचा फार विचार करून केलेलं. २०१६ च्या व्हेनिस बिनालेत, म्हणजे वास्तुकलेच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात, आयर्लंडच्या दालनात त्यांनी योरिया मानोलोपुलू यांच्याबरोबर हीच इमारत पुन्हा मांडली. तिथे राहणाऱ्या कोणाच्याच डोक्यात आपण काढतो तसा अख्खा नकाशा नसतो, ज्याला त्याला एक तुकडा दिसतो, तोही सरकत असतो, अशी ती मांडणी. नकाशा काढणाऱ्यानेच हे म्हणावं ह्याचं मला अप्रूप वाटलं.

ओळंबा

सांजवेळ, हे दोन्ही माझ्या कामाचं आहे. चिंचोळ्या जागेचं मी रडगाणं गात होतो, पण सरळ आणि आखूड मार्गिका ही चिंचोळ्या जागेत आपसूकच होते.

नेदरलँड्सच्या होगेवेककडे मात्र मी जरा संशयाने बघतो. वेस्पमध्ये २००९ मध्ये पूर्ण झालेलं, डिमेन्शिया असलेल्यांसाठीचं ते अख्खं गाव. सुपरमार्केट, उपाहारगृह, नाट्यगृह, रस्ते, चौक. घरांच्या बाहेरच्या भिंती हेच कुंपण आणि जायला-यायला एकच दार. फार सुंदर, पण माझ्याकडे गाव वसवायला जागा कुठे आहे?

कोपऱ्यातली_खुर्ची

अहो, पण तुमच्याकडे खरा रस्ता आहे ना! होगेवेकला दुकान आत आणावं लागलं. तुमच्या तळमजल्यावर खरं दुकान, खरा न्हावी, खरं वाचनालय का नको? बाहेरच्यांनी यावं, आतल्यांनीही. शहरात राहण्याचा एवढा तरी फायदा घ्या.

उंटावरचा_शहाणा

आणि एखादे आजोबा दुकानातून सटकून रस्त्यावर गेले तर? तुम्ही जबाबदारी घेणार का?

हिशेबनीस

हा प्रश्न टिंगलीवारी नेऊ नये. मला रात्री झोप लागत नाही ती ह्याच भीतीने. नातेवाईक दाखल करताना म्हणतात, "बाबांना मोकळं राहू द्या". आणि बाबा खरंच फाटकाबाहेर गेले की तेच नातेवाईक वकिलाला घेऊन येतात.

लाल_बंब

मुख्य दारावर चोवीस तास माणूस ठेवा, त्याला रहिवाशांची नावं पाठ असू द्या. कॅमेऱ्याला हाक मारता येत नाही. आमच्या दलात हरवलेले आजोबा-आजी शोधायचे फोन यायचे. ते बहुतेक ओळखीच्या वाटेवर, जुन्या घराच्या किंवा कामाच्या दिशेने सापडायचे. दाखल करतानाच हे पत्ते लिहून घ्या. फुकट काम आहे.

फुकटचा_सल्लागार

अवांतर: वीस-तीस वर्षांनी आपण तिथे असू तेव्हा "ओळखीचं वातावरण" म्हणून काय ठेवणार? जुना रेडिओ तर आपल्यालाही ओळखता यायचा नाही. मला चार्जिंग पॉइंट असलेली भिंत आणि एक मॅनेजर द्या, जो दर सोमवारी विचारेल "कुठवर आलं?" मी तासभर नवनवीन कारणं सांगेन. उत्तम स्मृतिव्यायाम.

नातसून

आणि संकेतस्थळांवर भांडायला एक खोटा धागा. उत्तर येत नाही, माणूस बसून राहतो.

फुकटचा_सल्लागार

म्हणजे सध्यासारखंच.

वाचनमात्र

बरेच दिवस नुसती वाचत होते, आज लिहिते. मला स्वतःला सुरुवातीच्या टप्प्यातला अल्झायमर आहे. लिहायला वेळ लागतो, पण लिहिता येतं.

तुम्ही सगळे "त्यांना कुठे ठेवायचं" म्हणताय. मला विचाराल तर मला वेगळा मजला नको. आज मी सगळ्यांत आहे. पुढच्या वर्षी थोडी जास्त विसरेन म्हणून सामान उचलून मला दुसऱ्या मजल्यावर नेलं तर उरलंसुरलंही जाईल, कारण आत्ता मला माझी खोली पायांनी माहीत आहे. डोक्याने नाही. पलंगावरून उतरले की डाव्या हाताला कपाट, तीन पावलांवर दार. हे बदलू नका.

आणखी एक. दारावर नुसतं नाव लिहून मला उपयोग होत नाही. मी शाळेत शिंप्याचं काम शिकवायचे. दाराशी माझी कात्री टांगली, काचेच्या पेटीत का होईना, तर मी चुकणार नाही. फोटो लावणार असाल तर तरुणपणीचाही लावा. आरशातली म्हातारी कधी कधी माझ्या ओळखीची नसते.

ओळंबा

वाचनमात्र ताई, मनापासून आभार. तुमचा प्रतिसाद मी आजच्या बैठकीत, नाव न सांगता, वाचून दाखवला. चालेल ना?

वाचनमात्र

वाचून झाल्यावर विचारताय! चालेल. काय म्हणाले ते सांगा.

ओळंबा

सांगतो. वरचा मजला रद्द झाला. श्रेय आधी लाल_बंब यांच्या जिन्याला, कारण वकिलांनी तो मुद्दा लगेच उचलला. तुमच्या कात्रीवर मात्र बराच वेळ कोणी काही बोललं नाही. मग खजिनदार म्हणाले, त्यांच्या दाराशी टेबल-टेनिसची बॅट लावावी.

आता ठरलंय ते असं. वरच्या चार मजल्यांवर चार घरं, प्रत्येकात दहाजण. डिमेन्शियाचा वेगळा मजला नाही. ज्याची खोली त्याची शेवटपर्यंत, आजार वाढला की मदत वाढेल. ज्यांना फार हालचाल जमत नाही किंवा जे सारखे बाहेर ओढ घेतात त्यांना शक्यतो आल्या आल्याच पहिल्या मजल्यावरची खोली द्यायची, तिथून मागच्या छोट्या बागेत उतार जातो. प्रत्येक घराला घंटा, मध्ये स्वयंपाकघर, उघडणारी कपाटं. प्रत्येक मजल्याचे आगीसाठी दोन भाग. तळमजल्यावर रस्त्याच्या बाजूला वाचनालय आणि न्हावी, आणि दाराशी नावं पाठ असलेला माणूस. लिफ्टचं दार मॅट.

हिशेबनीस

रात्री?

ओळंबा

रात्री प्रत्येक घरात एकजण जागा आणि पूर्ण इमारतीला एक परिचारिका. दिवसाचे स्वतंत्र आचारी आणि धोबी कमी करून ते जुळवलंय. तुम्हाला आकडे पाठवतो, डोळ्याखालून घाला. मंडळाने एक वर्षापुरतंच मान्य केलंय.

हिशेबनीस

पाठवा. आजारपणाच्या रजा धरल्यात का ते आधी बघतो. तिथेच सगळं फसतं.

उंटावरचा_शहाणा

डिमेन्शिया नसलेल्यांनी तक्रार केली तर? रोज कोणीतरी आपल्या खोलीत शिरतंय, चष्मा उचलून नेतंय, हे किती दिवस सहन करतील? मला सहन होणार नाही, स्पष्ट सांगतो.

रातपाळी

तक्रार करतील, आणि बरोबरच करतील. आतून लावता येईल आणि कर्मचाऱ्यांना बाहेरून उघडता येईल अशी कडी प्रत्येक खोलीला द्या. मिसळून राहायचं म्हणजे दार सताड उघडं टाकायचं असं नाही. चष्मे मात्र जातात. नावं घालून ठेवा.

ओळंबा

कडीचं लिहून घेतलं. शेवटचा प्रश्न, रातपाळी ताई. खोलीतल्या संडासाला सरकतं दार द्यावं की बिजागरीचं? जागा वाचते म्हणून मी सरकतं धरलं होतं.

रातपाळी

सरकतं चालेल, पण उघडं असताना ते भिंतीत पूर्ण गडप होऊ देऊ नका, मूठ बाहेर दिसू द्या. मूठ चांगली जाड आणि दाराहून वेगळ्या रंगाची घ्या. आणि दिवसरात्र ते दार उघडंच राहील, बंद करायला आठवणार नाही, म्हणून खोलीच्या मुख्य दारातून कमोड दिसणार नाही असा पलंग फिरवा. पलंगावरून दिसला पाहिजे, मार्गिकेतून नाही. आराखडा इथे टाका, मी सांगते कुठला कोपरा.